उस्तादांच्या ट्रंका

उस्तादांच्या खोलीत भिंतीला लागून काळ्या लोखंडी ट्रंका ओळीनं मांडलेल्या असायच्या. प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात एकेक शब्द लिहिलेला : चौकशी, आखणी, साहित्य, शिकवणी, परीक्षा. कोर्स कसा तयार करायचा याचं सगळं शास्त्र त्यांच्या मते एवढंच होतं. पहिल्या ट्रंकेतलं काम पुरं झालं की तिला कुलूप, मगच दुसरी उघडायची. कुलूप लागल्यावर कुणी कितीही शहाणपणाची गोष्ट घेऊन आलं तरी तिला आत जागा नसे. मी नोकरीला लागले त्याच महिन्यात, राहिलेला एक मुद्दा घालावा म्हणून मी ‘चौकशी’च्या कुलपाला हात लावला, तर साठीचा हा माणूस खुर्चीतून असा ताडकन उठला की मला वाटलं ट्रंकेत सुरुंग आहे. "मॅडम, ती झाली! आता मागं बघायचं न्हाई. मागं बघत चालनारी पलटन पुढं कवा जानार?"

मी हादरलेच. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात ट्रंकेवरून कुणी आपल्यावर ओरडेल असं मला शिक्षणशास्त्राच्या पदवीत कुणी शिकवलं नव्हतं.

आमचं प्रशिक्षण केंद्र आष्ट्याच्या बाहेर, उसाच्या फडांमध्ये. ऊसतोडणीच्या मशीनवर ड्रायव्हर तयार करायचे, हे काम. तोडणी कामगारांच्या टोळ्या कमी झाल्या तशी ही घराएवढी मशीनं शिवारात आली, पण ती चालवणारी पोरं कालपर्यंत ट्रॅक्टर हाकत होती. त्यांना शिकवायला केंद्राच्या चेअरमननी रहिमतपूरहून उस्तादांना आणलं आणि कोर्स लिहायला साताऱ्याहून मला. उस्ताद फौजेत गाड्यांचे इन्स्ट्रक्टर होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. आमच्या भागात फौजेतून आलेल्या प्रत्येकाला लोक मेजर म्हणतात. ह्यांना कुणी मेजर म्हटलं की लगेच दुरुस्ती व्हायची, "मेजर मोठा मानूस असतो रं. मला उस्ताद म्हन. त्ये मी खरोखर हाय."

चहाच्या बाबतीतही त्यांचा क्रम ठरलेला. आधी पाणी उकळणार, मग साखर, मग पत्ती, सगळ्यात शेवटी दूध. शिपायानं एकदा सगळं एकदमच पातेल्यात ओतलेलं त्यांनी पाहिलं आणि तो चहा न पिता खिडकीबाहेर बघत बसले. विट्याला एका सहकाऱ्याच्या लग्नात तर मला हसू आवरेना. बुफेच्या रांगेत उस्ताद पहिल्या टेबलापासून सुरुवात करून कोशिंबीर, भाजी, पुरी असे शिस्तीत सरकत होते. मी पुढून ओरडले, "उस्ताद, गुलाबजाम संपत आलेत, आधी घ्या!" ते म्हणाले, "संपू द्या. माजा नंबर आला की बघू." नंबर आला तेव्हा पातेल्यात नुसता पाक होता. त्यांनी तो वाटीत घेतला आणि समाधानानं प्यायला.

आमचं भांडण रोजचं. मी म्हणायचे, आधी थोड्या पोरांवर थोडा कोर्स करून पाहू, चुकेल तिथं सुधारू, मग पुढचा लिहू. त्यांना हे ऐकूनच शिसारी यायची. "म्हंजे चुकायचं ठरवूनच निघायचं?" असं विचारून ते माझ्याकडे अशा कणवेनं बघायचे की माझा संताप व्हायचा. चेअरमननी आम्हा दोघांना एकाच खोलीत बसवलं होतं, म्हणजे एका पोत्यात दोन मांजरंच घातली होती. पण एक कबूल करायला हवं, त्यांच्या हाताखालून गेलेला पोरगा मशीनचा कुठलाही भाग झोपेत विचारला तरी सांगायचा.

पहिल्या ट्रंकेचं काम, म्हणजे चौकशी, आम्ही दोघांनी मिळून केलं होतं. त्यांच्या स्कूटरवर मागं बसून मी वाळवा तालुक्यातले फड फिरले. उस्ताद बांधावर उकिडवे बसून ड्रायव्हरांना विचारायचे, काय बिघडतं, कधी बिघडतं, कशानं बिघडतं. एका ड्रायव्हरनं सांगितलं, "मशीन चोक झालं की बंद करायची चोरी हाय बगा. बंद केलं की फडमालक आईबहिनीवरनं उठतोय." मला तो मुद्दा मोठा वाटला. उस्ताद म्हणाले, "हे मशीनचं न्हाई मॅडम, मानसाचं हाय. कोर्सात बसत न्हाई. शिस्तीचा ड्रायव्हर असला की मालक आपसूक गप बसतोय." मी वाद घातला, पण त्यांनी ट्रंकेला कुलूप लावलं.

चोक होणं म्हणजे काय ते सांगते. मशीनच्या पुढच्या बाजूला खाली जमिनीलगत फिरणारी पाती असतात, ती ऊस बुडख्यात तोडतात. आडवा पडलेला ऊस, पाचट, ओली माती असं सगळं एकत्र आलं की पाती अडकतात. मग हातानं काढावं लागतं. त्यासाठी उस्तादांचा पाठ होता : इंजिन बंद, किल्ली काढून स्वतःच्या खिशात, पाती पुरती थांबेपर्यंत उभं राहायचं, मगच हात. पावसाळ्यात साखर कारखाने बंद असताना आमच्या पटांगणात मशीन उभं करून ते हा पाठ इतका घोटून घ्यायचे की पोरं वैतागायची. "किल्ली कुठं?" असं ते जेवणाच्या पंगतीतसुद्धा मध्येच ओरडायचे आणि सगळी बॅच तोंडातला घास सांभाळत ओरडायची, "खिशात, उस्ताद!"

त्या बॅचमध्ये बिरू होता. आटपाडीकडचा, मेंढरांमागं वाढलेला, आता बापाबरोबर थोडी शेती करणारा. वयानं मोठ्या माणसाकडे मान वर करून बघायचा नाही. मी काही विचारलं तरी उत्तर माझ्या चपलांना द्यायचा. पण मशीनवर त्याचा हात असा बसला की उस्ताद त्याच्यावर बेहद्द खूश. परीक्षेत तोच पहिला आला आणि हंगामाला आष्ट्याजवळच्या एका मशीनवर लागला.

जानेवारीत आम्ही दोघं त्याचं काम बघायला गेलो. शिकलेला माणूस प्रत्यक्ष कामावर कसा वागतो ते पाहिल्याशिवाय शेवटच्या ट्रंकेला कुलूप लावायचं नाही, हाही उस्तादांचाच नियम. फड होता एका निवृत्त सुभेदारसाहेबांचा. गोरापान, ऐंशीच्या घरातला, काठी टेकतानाही ताठ असणारा माणूस. त्यांना पाहताच उस्ताद स्कूटर स्टँडवर लावायची विसरले, ती तशीच उसात कलंडली, आणि ते खाडकन सावधानमध्ये उभे राहिले. सुभेदारसाहेब त्यांच्याच पलटणीतले, त्यांचे वरिष्ठ निघाले. निवृत्त होऊन दोघांनाही कित्येक वर्षं झाली होती, पण उस्ताद त्यांच्यासमोर बसले नाहीत. मी बांधावर बसून चहा घेतला, त्यांनी उभ्यानं घेतला. मला गंमत वाटत होती.

थोड्या वेळानं मशीन चोक झालं. बिरूनं पाती थांबवली आणि इंजिनच्या किल्लीला हात घातला. तेवढ्यात सुभेदारसाहेब गरजले, "बंद करू नगंस! ट्रॉल्या खोळंबल्यात. दिस मावळायच्या आत फड निघाला पायजे." बिरूचा हात किल्लीवरच थांबला. त्यानं उस्तादांकडे पाहिलं. मीही पाहिलं, कारण आता मालकाला उस्ताद कसं गप्प करतात ते मला बघायचं होतं.

सुभेदारसाहेब उस्तादांकडे वळून म्हणाले, "हवालदार, तू जा रं. घाल हात, काढ त्ये."

"जी साब," उस्ताद म्हणाले, धावत गेले, वाकले आणि चालू मशीनमध्ये त्यांनी हात घातला.

मला ओरडताही आलं नाही. माझ्या हातात चहाचा कप होता, तो मी नीट खाली ठेवला, हे मला आजही आठवतं आणि स्वतःचीच चीड येते. अडकलेलं उसाचं कांडं निघालं आणि दाबाखाली राहिलेली पाती एकदाच फिरली. आवाजसुद्धा फार झाला नाही. उस्ताद सरळ उभे राहिले आणि आपल्या उजव्या हाताकडे असे बघत राहिले जणू तो दुसऱ्या कुणाचा हात आहे. अंगठा आणि करंगळी तेवढी उरली होती. बिरू वरून उडी टाकून खाली आला आणि मटकन मातीत बसला. सुभेदारसाहेबांची काठी हातातून गळून पडली होती.

सांगलीला हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून मी एकच गोष्ट उगाळत होते. हाच तो माणूस. पंगतीत "किल्ली कुठं?" ओरडणारा. गुलाबजामसाठीसुद्धा नंबर न सोडणारा. दुसऱ्या कुणाचा हात गेला असता तर मला वाईट वाटलं असतं, यांचा गेला म्हणून माझ्या पायाखालची जमीनच सरकली. ह्यांना जर हे होतं, तर आमच्या कोर्सला काय अर्थ होता?

दुसऱ्या दिवशी मला आत सोडलं. हाताचं मोठं गाठोडं छातीवर ठेवून ते पडले होते. मी काही बोलण्याआधीच म्हणाले, "मॅडम, ट्रंक उघडा."

"कुठली?"

"पयली."

मला आधी वाटलं गुंगीत बोलताहेत. पण डोळे अगदी स्वच्छ होते. "किल्ली काढायची मला ठावं न्हवतं का? ठावं हुतं. शिकवायचं कसं त्ये बी ठावं हुतं. मग हात का ग्येला? साहेबानं हुकूम दिला आन् हात ग्येला. डोकं मागनं पोचलं." मग म्हणाले, "त्यो ड्रायव्हर सांगत हुता, मालक वरडतोय म्हनून. आपन त्ये कोर्साच्या भाईर ठेवलं. पटांगनात कोन वरडत हुतं? कुनीच न्हाई. ट्रॉल्या न्हाईत, मालक न्हाई. तिथं किल्ली काढायला काय लागतंय? आता बाकीची पोरं फडात हायती मॅडम. त्यास्नी बी कुनीतरी मोठा मानूस भेटंलच की."

मला रडू फुटलं. जो वाद मला जिंकायचा होता तो मी असा जिंकले होते, आणि मला ते जिंकणं नको होतं.

चेअरमन भेटायला आले ते सफरचंदांची पिशवी आणि पुढच्या बॅचची तारीख घेऊन. त्यांचं म्हणणं सरळ होतं. अपघात फडात झाला, केंद्रात नाही, कोर्स छान चाललाय, उगाच बोभाटा नको. उस्ताद शांतपणे ऐकत होते. मला वाटलं, हाही वरिष्ठच, आता "जी साहेब" येणार. पण ते म्हणाले, "कोर्स अर्धा हाय. पोरांस्नी अर्धा कोर्स दिऊन फडात सोडायचं आसंल तर दुसरा उस्ताद बघा." चेअरमन माझ्याकडे बघायला लागले. मीही मान हलवली, उस्तादांच्या बाजूनं. बॅच पुढं ढकलली गेली.

मग पुन्हा पहिल्यापासून. हात बरा होईतो स्कूटर मी चालवायची आणि मागं ते बसायचे. ह्या वेळी आम्ही मशीनबद्दल विचारलंच नाही. कोण ओरडतं, काय बोलतं, कुणाला नाही म्हणता येत नाही, एवढंच विचारलं. उत्तरं ऐकून मी चक्रावले. शिव्या देणारा मालक पोरांना परवडत होता. गोड बोलणारा म्हातारा, बापाचा मित्र, मास्तर, गावातला कुणी मेजर, ह्यांच्यापुढे मात्र त्यांची जीभच उचलत नव्हती. एक जण म्हणाला, "आवं, आज्याच्या वयाच्या मानसाला न्हाई कसं म्हनायचं? आईनं तसं शिकवलंच न्हाई."

नव्या कोर्समध्ये एक नवी पायरी आली. मशीन चोक झालंय असं धरायचं, शेजारी कुणी मोठ्या माणसानं उभं राहून हात घालायला सांगायचं, आणि किल्ली स्वतःच्या खिशात येईपर्यंत पोरानं ‘नाही’ म्हणायचं. फौजेत जन्म काढलेल्या माणसानं हुकूम मोडायचा पाठ लिहावा, हे मी डोळ्यांनी बघत होते तरी मला पटत नव्हतं. नव्या बॅचला पहिल्यांदा हे करायला लावलं तेव्हा आम्ही आजूबाजूच्या फडमालकांना ओरडायला बोलावलं. मालक आधी लाजले, मग असे रंगात आले की त्यांना आवरावं लागलं. पोरं मात्र एकामागून एक हात घालत गेली. कुणी हसत, कुणी "बरं मालक" म्हणत.

तेव्हा उस्ताद म्हणाले, "आदी मी करून दावतो. फौजेत उस्तादानं केल्याबिगर जवानाला सांगत न्हाईत." पण त्यांच्यावर ओरडणार कोण? त्या मालकांच्या ओरडण्यानं त्यांची पापणीसुद्धा लवली नसती. दुसऱ्या दिवशी ते एकटेच कुठंतरी गेले, आणि परतले ते सुभेदारसाहेबांना घेऊन.

त्या अपघातानंतर सुभेदारसाहेब एकदाही हॉस्पिटलात फिरकले नव्हते. शहाळी पाठवायचे, स्वतः येत नव्हते. आता पटांगणात उभे होते आणि उस्तादांच्या हाताकडे बघायचं टाळत होते. "मला न्हाई जमायचं हवालदार," असं ते दोनदा म्हणाले. उस्ताद म्हणाले, "साब, द्या हुकूम. नेमीसारखा."

मशीन बंद होतं. किल्ली माझ्या पर्समध्ये होती, म्हणजे उस्तादांच्या खिशात नव्हती, म्हणजे खेळापुरतं मशीन चालू. सगळी बॅच गोल करून उभी होती. जुन्या बॅचचा बिरूही आला होता, अपघातानंतर त्यानं मशीन सोडलं होतं. उस्ताद पात्यांजवळ जाऊन उभे राहिले. सुभेदारसाहेबांनी घसा साफ केला, आणि त्या थकलेल्या छातीतून एकदम तोच आवाज निघाला, "हवालदार! घाल हात!"

उस्तादांचा डावा हात पात्यांत गेला.

उस्ताद वाकलेल्या अवस्थेतच आपल्या धडक्या हाताकडे बघत राहिले. त्यांना नाही म्हणायचं होतं. कितीतरी दिवस ते ह्याच एका शब्दाची तयारी करत होते, हे मला माहीत होतं. त्यांनी हात सावकाश बाहेर काढला, पँटीला पुसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "लिवा मॅडम. उस्ताद नापास."

मी लिहिलं नाही.

गर्दीतून बिरू पुढं आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. उस्ताद बाजूला झाले आणि तो पात्यांजवळ उभा राहिला, मान खाली. सुभेदारसाहेबांनी पुन्हा तोच हुकूम दिला. मग त्यानं मान वर केली. मी त्याचे डोळे पहिल्यांदाच नीट पाहिले.

"न्हाई घालनार. किल्ली द्या आदी." आणि मग आवाज फाटून, "आन् सायेब, तवा बी मीच न्हाई म्हनाया पायजे हुतं. उस्तादांस्नी म्या जाऊ दिलं!"

तो हमसून रडायला लागला. उस्तादांनी त्याला डाव्या हातानं जवळ ओढलं आणि सगळ्या बॅचला ऐकू जाईल असं म्हणाले, "पास! ही पायरी आता ह्यो शिकवंल. ज्याला येत न्हाई त्यानं शिकवायची न्हाई." त्याच संध्याकाळी त्यांनी ट्रंकांच्या सगळ्या किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवल्या. मी भांडले, विनवण्या केल्या, रागानं बोललेसुद्धा. ते हसून म्हणाले की रहिमतपूरला घेवडा पेरायचा राहिलाय. बिरू आजही आमच्याकडे ती पायरी शिकवतो, आणि प्रत्येक बॅचला आधी स्वतःलाच ‘नाही’ म्हणायला लावतो.

उस्ताद निघाले तेव्हा सुभेदारसाहेब फाटकाशी थांबले होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी उस्तादांचा तो उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. ते बोलले तेव्हा जन्मभराच्या सवयीनं तो हुकमाचाच आवाज निघाला.

"हवालदार, माफ कर मला."

उस्तादांच्या टाचा खाडकन जुळल्या. "जी साब," ते म्हणाले.

त्यांनी माफ केलं की हुकूम पाळला, ते विचारायचं धैर्य मला झालं नाही.